कांद्याचा खांब आणि माझी दूधबहीण

झेलिन्दाबद्दल सांगायचं तर आधी माझं गाऱ्हाणं ऐकून घ्या. माझ्या आईचं दूध माझं होतं, हक्काचं. त्यातलं अर्धं ही प्यायली आणि वर हाडापेराने माझ्याहून थोराड झाली. आमचं गाव रोक्कासोर्दा, डोंगरावर. इथे दगड आणि वारा सोडला तर सगळ्याचीच चणचण. म्हणून खालच्या पोन्तेसेर्रा शहरातल्या अनाथाश्रमातून तान्ही मुलं आणायची, पाजायची, चालती-बोलती करायची आणि आश्रमाने मागितली की परत द्यायची, हे काम आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या. त्याबद्दल आश्रमाकडून पीठ आणि कापड यायचं. अशा मुलांना गावात ‘उसनी’ म्हणत. मी अंगावर पीत होते तेव्हाच माझ्या आईने, मार्सिलियाने, असं एक उसनं घरी आणलं. कोणीतरी आश्रमाच्या पायरीवर ठेवून गेलेलं. आई सांगायची, टोपलीतून काढलं तेव्हा पोरगी रडली नाही. आईकडे अशी बघत राहिली, जणू आईनेच यायला उशीर केला होता.

आता खांबाचं सांगते, कारण त्याच्याशिवाय हिची गोष्ट पुढे सरकत नाही. आमचं सान्त एमिलियानोचं चर्च बाहेरून मेंढवाड्यासारखं दिसतं. आत दोन्ही बाजूंना खांब, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. एक जाड, एक काटकुळा, एकावर पन्हळी, एक नुसताच करडा. यातलाच एक फिक्या हिरव्या रंगाचा, त्यात पांढरे पट्टे, कापलेल्या कांद्याला असतात तसे. त्याला आम्ही कांदाच म्हणतो. तो बाकीच्यांहून बुटका, म्हणून त्याच्या पायाखाली दुसऱ्याच कुठल्या तरी खांबाचा कोरीव पानांचा माथा उलटा ठेवून उंची भरून काढलेली. लहानपणी आम्हाला सांगितलेलं असं, की संत एमिलियानोंनी उपासाच्या दिवसांत आपला शेवटचा कांदा न खाता इथे पुरला आणि सकाळी तिथे हा खांब उगवला. खालची पानं म्हणजे कांद्याची पात. पात खाली कशी, असं विचारलं तर कानाखाली मिळायची.

या खांबावर हात ठेवायचा रिवाज आहे. दुसऱ्या गावाहून सून आली, कोणी परका इथे राहायला आला, एखादं मूल दत्तक घेतलं, की रविवारच्या प्रार्थनेनंतर घरातली कर्ती बाई त्याचा पंजा कांद्यावर ठेवते आणि वर आपला ठेवते. त्यानंतर त्याला परका म्हणायची कोणाची टाप नाही. रागाच्या भरात म्हटलंच, तर म्हणणाऱ्याने त्याच्या दारात जाऊन पाव मागायचा आणि तिथेच उभं राहून, सगळ्यांदेखत खायचा. उसन्या मुलांचा हात मात्र कोणी ठेवत नसे. जे परत द्यायचं ते कांद्याला कसं लावणार?

लढाई संपली त्या वर्षी आश्रमाचा माणूस खेचराची गाडी घेऊन आला. गळ्यात मफलर, तोंडावर घाई. झेलिन्दा आता कामाला लावण्याएवढी झाली आहे, शहरातल्या एका घरात तिची सोय केली आहे, असं त्याने दारातूनच सांगितलं. आईचे हात कणकेत होते.

“मुलीला तयार करा, बाई. पाऊस यायच्या आत खाली पोचायचंय.”

“करते की,” आई म्हणाली.

आणि तशाच चिकट हाताने झेलिन्दाचं मनगट धरून ती मागच्या दाराने निघाली. मी पाठोपाठ पळाले. चर्चमध्ये जाऊन आईने पोरीचा पंजा कांद्यावर ठेवला आणि त्यावर स्वतःचा दाबून धरला. खांबावर कणकेचे डाग पडले. माणूस धापा टाकत आला तोवर बायका जमायला लागल्या होत्या.

“हे काय चाललंय?”

“तयार केली.”

“अहो बाई, हे कायद्यात बसत नाही.”

“मग कायद्याला म्हणावं, ये आणि हात सोडव.”

 दाराकडे जायची वाट तेवढी बायकांनी मोकळी ठेवली होती, एका माणसापुरती. त्याने इकडे-तिकडे पाहिलं, मफलर सारखा केला आणि गेला. पुढे तेव्हाच्या फादरनी काय ती लिखापढी करून घेतली. माझ्या मनात मात्र त्या दिवसापासून एक सल राहिला. माझा हात असा कधी कोणी धरला नाही. मी इथलीच, मला कोण कशाला धरणार?

झेलिन्दा मोठी झाली ती अशीच, कपाळावर आठी घेऊन. सकाळी माझ्या पावाच्या भट्टीसाठी लाकडं फोडायची, मग जाऊन चर्च उघडायची. म्हातारा चर्चवाला गेल्यावर किल्ल्या तिच्याकडे आल्या. लग्न केलं नाही. विचारणारे होते. एकाला तिने विचारलं, “तुझ्या आईला माझं कूळ काढायची हौस आहे का?” तो गडबडला, आणि विषय तेवढ्यावर संपला. ती माझ्याच घरी राहिली, आईजवळ. खोटं बोलणं तिला जमत नसे आणि दुसऱ्याचं खोटं ऐकून गप्प बसणंही जमत नसे, त्यामुळे तिच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे अंगावर काटा यायचा. आमचे फादर सेवेरिनो भला माणूस, पण दरवर्षी संतांच्या सणाला कांद्याचा तो चमत्कार रंगवून सांगायचे, आणि दरवर्षी ही त्यांना झगा उतरवायच्या आत गाठायची.

“फादर, कांदा पुरला तर कांदाच येतो.”

“चमत्कार होता तो, झेलिन्दा.”

“मग चमत्कार बुडाशी तुटलेला कसा? मागून बघा एकदा वाकून.”

“माझी कंबर धरते,” फादर म्हणायचे.

पोन्तेसेर्राचं आणि आमचं कधी पटलं नाही. ते आम्हाला बहिरे म्हणतात, गावाच्या नावातलं ‘सोर्दा’ म्हणजे बहिरी, म्हणून. आम्ही त्यांना काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांच्या धोबीघाटामागे खोदकामात रोमन लोकांच्या देवळाची फरशी निघाली, तेव्हापासून तर त्यांची माणसं आमच्या मेंढ्यांच्या बाजारात येऊन नाक वर करून फिरायला लागली. “आमच्याकडे देऊळ निघालं. तुमच्याकडे काय आहे? कांदा!” गावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आणि मग आमच्या शहाण्यांनी जे केलं ते फक्त आम्हीच करू शकतो. विद्यापीठातल्या कोणाला तरी बोलवायचं आणि कांदा आमच्याच मातीतून उगवला आहे, निदान आमच्याच डोंगरातला आहे, असं शिक्कामोर्तब करून घ्यायचं. ही कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली ते आता कोणी कबूल करत नाही. तेव्हा मात्र आख्खं गाव मिशीला पीळ देत होतं.

आल्या त्या मिरेल्ला कान्तोनी. चष्मा, बूट चिखलाने भरलेले, वयाने आमच्याच जोडीच्या. डॉक्टर म्हणून ओळख करून दिल्यामुळे खाटकाच्या बायकोने, एर्मिनियाने, आल्या आल्या त्यांना जीभ बाहेर काढून दाखवली. बाईंनी शांतपणे पाहिली आणि म्हणाल्या, “मला दगडांच्याच जिभेतलं कळतं हो.” एर्मिनियाने तो अपमान मनात ठेवला.

डॉक्टरबाई प्रत्येक खांबाला दोरी गुंडाळून जाडी मोजत, बॅटरीच्या उजेडात एकेक रेघ बघत. गावातले पुरुष दारात उभे राहून निकालाची वाट बघायचे. झेलिन्दा दोन दिवस त्यांच्यामागे हाताची घडी घालून उभी राहिली. मग म्हणाली, “पुढून काय बघताय? पुढून सगळेच चांगले दिसतात. इकडे या.”

कांद्याच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला, खांब आणि उलट्या माथ्याच्या मध्ये एक फट होती. जुना चुना, खडे, आणि उंदीर येऊ नयेत म्हणून झेलिन्दानेच कोंबलेले चिंध्यांचे बोळे. तिने ते उपसून काढले. आत खांबाची तुटकी कड दिसली, दातेरी, आणि तिच्यातून तिरकी गेलेली एक पांढरी शीर, टोकाला दुभंगलेली. डॉक्टरबाई जमिनीवर पालथ्या पडून कितीतरी वेळ बघत राहिल्या. त्यांनी कागद ओला करून त्या कडेवर ब्रशने ठोकून ठोकून बसवला, वाळू दिला, आणि सोलून काढला. कड जशीच्या तशी कागदावर उठली होती; शीर त्यांनी पेन्सिलीने वर आखून घेतली.

“खाली पोन्तेसेर्रात एक बुडखा आहे,” त्या म्हणाल्या. “मला नुसती शंका आहे. येता माझ्याबरोबर?”

झेलिन्दा त्या शहरात कधी गेली नव्हती. बसने तासाभराचा रस्ता, तरी नाही. तिने एप्रन सोडला आणि म्हणाली, “चला. ओलीवा, तूपण चल.” ओलीवा म्हणजे मी.

धोबीघाटावर बायका कपडे आपटत होत्या. कडेला, जुन्या फरशीत रोवलेला, गुडघ्याएवढा एक हिरवट बुडखा होता. त्याच्यावर कोणाची तरी साबणाची वडी ठेवलेली. डॉक्टरबाईंनी ती बाजूला ठेवली, वरची तुटकी कड धुतली, आणि कागद उलटा करून वर टेकवला. दात दातात बसला. पांढरी शीर खालून आली होती, वर गेली होती, दुभंगायची तिथे दुभंगली होती.  हे ऐकल्यावर वर गावात काय होणार ते मला तिथेच दिसलं.

“काय मोजताय गं?” एका धोबिणीने विचारलं.

“नातं,” झेलिन्दा म्हणाली.

तिथेच दगडावर बसून डॉक्टरबाईंनी सगळं सांगितलं. रोमन देवळाचं छप्पर कोसळलं तेव्हा हा खांब मोडून पडला असणार. पुढे कधीतरी डोंगरावरच्या नव्या ख्रिस्ती लोकांना प्रार्थनेला घर हवं होतं, आणि नवे खांब घडवायची ऐपत नव्हती. त्यांनी पडलेले दगड बैल लावून वर ओढून नेले.

“म्हणजे खांब इथला,” झेलिन्दा म्हणाली.

“इथलाही नाही. हा दगड आपल्या देशात निघतच नाही. समुद्रापलीकडे ग्रीकांचं एक बेट आहे, तिथल्या खाणीतला. कैदी आणि गुलाम तो फोडायचे, मग जहाजाने यायचा.”

“म्हणजे यांनीही कुठून तरी उचलूनच आणला.”

“असंच म्हणायचं.”

झेलिन्दा बुडख्यावर हात ठेवून बसली होती. ती हसली. मी तिला मोकळेपणी हसताना क्वचितच पाहिलं आहे. परतीच्या वाटेवर आश्रमाची इमारत लागली. आता तिथे शाळा भरते. डॉक्टरबाईंना झेलिन्दाची हकीकत मी बसमध्ये सांगितली होती. त्या हळूच म्हणाल्या, “तुमचा माग काढायचा असेल तर मी मदत करीन. प्रयत्न करून बघता येईल.”

“ज्यांनी मला पायरीवर ठेवलं त्यांना माझा पत्ता माहीत होता, बाई,” झेलिन्दा म्हणाली. “मला त्यांचा नव्हता. मग शोधत कोणी यायचं?”

रविवारी डॉक्टरबाईंनी चर्चमध्ये उभं राहून गावाला खरं काय ते सांगितलं. कागद दाखवला. आधी कोणाला कळलंच नाही, मग सगळ्यांना एकदम कळलं. पुरुषांनी टोप्या डोक्यावर चढवल्या. खांब पोन्तेसेर्राचा! ज्यांचे टोमणे बंद करायचे त्यांच्याच देवळातला, त्यांच्याच उकिरड्यावरून उचललेला. कोणी म्हणे ही बाई त्यांनीच पाठवली, कोणी म्हणे कागद खोटा. झेलिन्दा उठली आणि म्हणाली, “कागद खरा आहे. मी बघितलंय.”

तेव्हा एर्मिनिया बोलली. “तू बघणारच. चिंध्या तूच काढल्यास ना? उसनी ती उसनीच. रक्त खालीच ओढ घेणार.”

 आई बाकावर होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला. कांद्याला हात लावलेल्या माणसाला असं बोलायचं म्हणजे त्याच संध्याकाळी दारात येऊन पाव मागायचा. आम्ही दार उघडं ठेवून बसलो. एर्मिनिया आली नाही. आणि गावातल्या एकानेही तिला जा म्हटलं नाही. झेलिन्दाने दार स्वतः लावलं आणि मसुराचं सूप न जेवता झाकून ठेवलं. मला इतका संताप आला की दुसऱ्या दिवसाची आख्खी भट्टी करपवली.

यात एक गंमत झाली. गावात भट्टी एकच, माझी, आणि ती झेलिन्दाच्याच दारात. एर्मिनिया पाव विकत घ्यायला आली तरी लोक म्हणणार, मागायला आली. म्हणून तिने पावच सोडला. घरदार मक्याचं पीठ शिजवून खाऊ लागलं. तिचा नवरा माझ्या दुकानावरून जाताना असा खोल श्वास घ्यायचा की मला त्याची दया यायची, पण मी ती दाखवली नाही.

बातमी खाली पोचायला वेळ लागला नाही. पोन्तेसेर्राचे नगराध्यक्ष रेमिजिओ, रुंद छातीचे, गोड बोलणारे. ते तिथे संग्रहालय उभारत होते. त्यांनी वरच्या कचेऱ्यांतून परवानगी मिळवली, बिशपांचा होकार मिळवला. कांदा काढून खाली न्यायचा, बुडख्यावर बसवायचा, आणि आमच्याकडे त्या जागी सिमेंटचा खांब. फादर सेवेरिनोंनी हुकूम वाचून दाखवला. आणि गाव? गाव गप्प. एरवी एका मेंढीवरून डोकी फोडणारं गाव. खांब आपला नाहीच म्हटल्यावर भांडायचं कुठल्या तोंडाने, अशी लाज प्रत्येकाच्या मनात. उगवलेल्या कांद्यासाठी ते मेले असते. आणलेल्या खांबासाठी त्यांची मान वर होईना.

झेलिन्दा त्या दिवसांत काय विचार करत होती ते तिने सांगितलं नाही, पण मला दिसत होतं. खांब खालचा ठरला म्हणून जर खाली जाणार असेल, तर त्याच्यावर हात ठेवून ती या घरची झाली होती, ते काय राहिलं? आईसुद्धा हे समजून होती. एकदा मी फादरना म्हटलं, दाराला आतून कडी लावून बसू, किल्ल्या आमच्याकडेच आहेत. झेलिन्दा माझ्यावरच उखडली. “कडी लावून बसायला मी काय चोरी केलीय? दार उघडं राहील. येऊ दे त्यांना.”

ते ट्रक घेऊन आले, लोखंडी टेकू, जॅक, मजूर, सगळा सरंजाम. आमची माणसं बघायला आली होती, अंत्ययात्रेला येतात तशी, हात मागे बांधून. डॉक्टरबाईही आल्या होत्या. दार उघडं होतं आणि झेलिन्दा कांद्यापाशी उभी होती, उजवा पंजा खांबावर.

“बाई, बाजूला व्हा,” रेमिजिओ म्हणाले. “तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण वस्तू जिथली तिथे गेली पाहिजे. या विदुषींनीच सिद्ध केलंय.”

“तो कुठून आला ते मी सिद्ध केलं,” डॉक्टरबाई मागून म्हणाल्या. “कुठे जावा हे मी कुठेही लिहिलेलं नाही. आणि ही वरची कमान याच्यावर उभी आहे, हेही माझ्या अहवालात लिहिलंय. ते पान तुम्ही वाचलं नसेल.”

“तुमच्याकडून आला हे मान्य,” झेलिन्दा म्हणाली. “मीपण तुमच्याकडूनच आले. याला तुम्ही चिखलात पडू दिलंत, मला पायरीवर ठेवलंत. आता दोघंही उभे आहोत तर आठवण आली? याला नेणार असाल तर मलाही न्या. फक्त सांगा, कोणाच्या घरी उतरायचं.”

“माणूस आणि दगड यात फरक असतो.”

“असेल. या गावात आम्ही दोघांना एकाच हाताने धरलंय.”

रेमिजिओ पुढे आले, अगदी तिच्या कानाशी. मी जवळच होते, मला शब्द न्‌ शब्द ऐकू आला. “हट्ट सोड, पोरी. तुझी आई कोण होती ते माझ्या घरात माहीत आहे. तू बाजूला हो, मी सांगतो तुला. आजच सांगतो.”

झेलिन्दाचा चेहरा क्षणभर असा झाला की मला वाटलं, ही आता हात काढणार. काढला असता तर मी तिला दोष दिला नसता. मग तिने मान वर केली आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ऐकलंत का? साहेबांना माझी आई कोण ते माहीत आहे. खांब सोडला तर सांगणार आहेत.”

रेमिजिओ लालबुंद झाले.

“सांगा ना,” ती म्हणाली. “आत्ता सांगा, सगळ्यांसमोर. खरं असेल तर त्याच्या बदल्यात काही कशाला पाहिजे?” तिने वाट बघितली. खरंच बघितली. त्यांनी मजुरांकडे तोंड फिरवलं. “बघा. माझी आई ती बसलीय, काळ्या रुमालातली. तिने माझ्या बदल्यात काही मागितलं नव्हतं.”

मग ती गावाकडे वळली, आणि आता तिचा आवाज जास्त कडक होता. “आणि तुमचं काय? कांदा उगवला नाही. आणलाय. तोंडाने म्हणा एकदा. आपल्या आज्या-पणज्यांनी मोडका दगड खालून ओढत आणला, आखूड पडला म्हणून पायाखाली आधार दिला, आणि उभा केला. यात लाज कसली? लाज वाटायची असेल तर खोट्याची वाटू दे.”

 मग बाकावरून आईचा आवाज आला. “खालचा आहे. बरं मग?” ती गुडघे धरत उठली. मी हात द्यायला गेले, तिने माझा हात झटकला. खांबापाशी येऊन ती म्हणाली, “याचा हात कोणी ठेवलाच नव्हता. आपल्याला वाटायचं, हा इथलाच. राहूनच गेलं ते. याला स्वतःचा हात नाही, म्हणून हिचा.” आणि झेलिन्दाच्या पंज्यावर तिने आपला पंजा ठेवला, आश्रमाचा माणूस आला होता त्या दिवशीसारखा.

मी पुढे झाले आणि माझा ठेवला. हो, मीसुद्धा. मला कोणी धरलं नव्हतं, तर मीच जाऊन धरलं. मग बायका आल्या, एकीच्या हातावर दुसरीचा, जागा मिळेना तेव्हा खांद्यावर. फादर सेवेरिनो बिशपांचा हुकूम खिशात घालून आले, वाकले, कंबर धरत असूनही वाकले, आणि मागची तुटकी कड पहिल्यांदाच पाहिली. पुरुष शेवटी आले, आमचे पुरुष नेहमी शेवटीच येतात. दाराकडची वाट बायकांनी मोकळी ठेवली होती. मजुरांनी टेकू उचलून ट्रकमध्ये टाकायला सुरुवात केली तेव्हा त्यांना कोणी तसं सांगितलंही नव्हतं.

सगळ्यांत मागून एर्मिनिया आली. तिने कोणाकडे पाहिलं नाही. हात ठेवला आणि झेलिन्दाला विचारलं, “घरात पाव आहे?”

“आहे.”

“संध्याकाळी येते मग. मागायला.”

“ये,” झेलिन्दा म्हणाली. “ताजा नाही मिळणार. कालचा आहे.”

ती आली आणि तिने दारात उभं राहून, अर्ध्या गल्लीदेखत, आमच्या डोंगरावर करतात तो बिनमिठाचा शिळा पाव शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. खाताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मक्यावर काढलेल्या दिवसांमुळेही असेल.

कांदा हलला नाही. कमानीचं निमित्त करून वरच्या कचेरीने तो विषय मिटवला. पोन्तेसेर्राच्या संग्रहालयात डॉक्टरबाईंनी करून दिलेला प्लास्टरचा खांब आहे, चांगला रंगवलाय. रेमिजिओंनी ते नाव सांगितलं नाही, आणि सांगण्यासारखं काही त्यांच्याजवळ होतं की नव्हतं हेही आम्हाला कधी कळलं नाही. आई गेली तेव्हा तिच्या पेटीला पहिला खांदा झेलिन्दाने दिला. संतांच्या सणाला फादर आता बैलांची गोष्ट सांगतात. तीही ते रंगवूनच सांगतात, पण झेलिन्दा त्यांना अडवत नाही.

दरवर्षी सणाच्या आदल्या दिवशी ती कांदा लोकरीच्या ओल्या फडक्याने पुसते, मग तेच फडकं पिशवीत घालून बसने खाली जाते. आता आम्ही दोघी म्हाताऱ्या, मी तिच्याबरोबर कुरकुरत जाते. धोबीघाट बंद पडलाय, बुडख्याभोवती साखळी लावली आहे. ती साखळी ओलांडते, खाली बसते आणि बुडखा पुसते, वरची तुटकी कडसुद्धा, दात न्‌ दात. गेल्या खेपेला एक तरुण पहारेकरी धावत आला.

“ओ आजी, कोणाच्या परवानगीने?”

झेलिन्दाने मान वर केली नाही. “वर येणारा वर आला,” ती म्हणाली. “ह्याला येता आलं नाही. ह्याचा काय दोष?”

“ते ठीक आहे, पण परवानगी?”

“घरच्यांना लागत नाही,” ती म्हणाली, आणि फडकं पिळायला माझ्या हातात दिलं.